आईला ट्रॅकर कुठला घ्यायचा? आधी आईच्या अंगावर काय टिकतं ते बघा

पुण्यात कोथरूडच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांची आई ७१ वर्षांची, दोन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं, गेल्या महिन्यात दोनदा कुणाला न कळता घराबाहेर पडली. पहिल्यांदा डेक्कनला सापडली, दुसऱ्यांदा थेट अलका टॉकीजच्या चौकात. भाऊ बेंगळुरूला असतो, त्याचं म्हणणं ॲपलचा एअरटॅग, म्हणजे वस्तू शोधायची ती छोटी चकती, घे आणि पर्समध्ये टाकून दे. दुकानदार म्हणतो जीपीएसवालं घड्याळ घ्या. ताई दिवसभर ऑफिसला, घरी सांभाळायला मावशी येतात. तर काय घ्यावं?

ताई, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, १६ वर्षं झाली पुण्यात डिमेन्शिया (म्हणजे स्मृतिभ्रंश, अल्झायमर हा त्यातलाच एक प्रकार) असलेल्या लोकांच्या घरी जाऊन काम करतीये आणि ट्रॅकर कुठला हा प्रश्न आता जवळपास प्रत्येक घरात येतो. उत्तर जरा मोठं होणारे कारण नुसतं मॉडेलचं नाव सांगून तुमचं काम होणार नाही. मी जेवढे ट्रॅकर फेल गेलेले पाहिलेत ना त्यातले मोजकेच यंत्र बिघडलं म्हणून फेल गेले, बाकीचे सगळे एकतर अंगावर नव्हते नाहीतर चार्ज नव्हते.

एक उदाहरण सांगते. खडकीचे एक आजोबा, ७८ वर्षांचे, कारखान्यातून रिटायर झालेले, तब्येतीने ठणठणीत. मुलाने चांगलं महागातलं घड्याळ आणलं. आजोबांच्या डाव्या मनगटावर नोकरीला लागल्यापासूनचं एचएमटी, ते काढून हे जाड काळं घड्याळ घातलं, त्याच्या खालच्या बाजूला नाडी मोजणारा हिरवा दिवा लुकलुकायचा. आजोबा सारखे मनगट उलटं करून त्या दिव्याकडे बघत बसायचे, त्यांना ते काहीतरी टोचतंय असं वाटायचं. चौथ्या दिवशी त्यांनी ते काढलं आणि तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवलं. मुलगा हिंजवडीला ऑफिसात, ॲपवर दाखवतंय की बाबा घरी आहेत, त्यामुळे तो दुपारी तीनपर्यंत निवांत. आजोबा तोपर्यंत वाकडेवाडीच्या स्टँडवरून एसटीत बसून नारायणगावला पोचले होते, त्यांचं गाव त्या बाजूचं. तिथल्या कँटीनवाल्याच्या लक्षात आलं की हे गृहस्थ एकच चहा घेऊन दोन तास बसलेत आणि दर थोड्या वेळाने 'आमची गाडी लागली का' विचारतायत. खिशातल्या चिठ्ठीवर फोन नंबर होता म्हणून घरी फोन आला, घड्याळ तांदळातच.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्या. एक म्हणजे ॲपवरचा ठिपका यंत्र कुठे आहे ते सांगतो, माणूस कुठे आहे ते नाही. आणि दुसरी, जी बऱ्याच घरांत कुणाच्या डोक्यातच येत नाही, जवळ पैसे नाहीत म्हणजे लांब जाणार नाहीत असं धरून चालू नका. २०२२ च्या ऑगस्टपासून ७५ च्या पुढच्यांना एसटी फुकट आहे, आधार दाखवलं की झालं, आणि बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट. फार चांगल्या सोयी आहेत, पण आपल्या माणसाचा पल्ला त्यामुळे वाढलाय हे ध्यानात ठेवायचं.

त्या आजोबांचं पुढे काय केलं तेही सांगते, कारण तुम्हाला त्यातूनच वाट सापडेल. एचएमटी परत मनगटावर आलं, त्याच्या पट्ट्यावर स्टीलची छोटी पट्टी बसवून नंबर कोरून घेतला. आजोबा रोज आतून बंडी घालतात, बंडीला चोरखिसा असतोच, तर सिमवाला छोटा चपटा ट्रॅकर त्या खिशात गेला. बंड्या पाच आणि ट्रॅकर एक, मग आंघोळीनंतर तो बदलायचा कोणी? आजींनी ठरवलं की रात्री देवापाशी चार्जिंगला लावायचा आणि सकाळी दिवा लावला की धुतलेल्या बंडीत घालून बंडीच आजोबांच्या हातात द्यायची. तीन वर्षं झाली, एक दिवस चुकलेला नाही.

तर तुमच्या आईबद्दल पहिलं काम हे, की आई काय कधीच काढत नाही ते बघा. मंगळसूत्र? पाटल्या? चष्मा? कमरेला किल्ल्यांचा जुडगा? बाहेर पडताना चप्पल कुठली घालते, पर्स खरंच घेते का? दोन्ही वेळा निघाली तेव्हा पर्स बरोबर होती का हे मावशींना नीट विचारा. माझा अनुभव असा की ज्या तिरमिरीत माणूस निघतं त्यात पर्स घरीच राहते, त्यामुळे पर्समध्ये ट्रॅकर ही कल्पना मला पसंत नाही. साडी नेसत असतील तर परकराच्या नेफ्याला आतून एक छोटा कप्पा शिवून घ्या, वेल्क्रो नको, त्याचा आवाज होतो आणि हात लगेच तिकडे जातो, टिचबटण लावा. गाऊन किंवा पंजाबी ड्रेस असेल तर आतल्या बाजूला तसाच कप्पा. पाच-सहा कपड्यांना एकदमच शिवून घ्या, आणि मशीनला कपडे टाकायच्या आधी कप्पा चाचपायचा हे मावशींना घोकून घ्यायला सांगा. मी पावडरमध्ये धुतलेले ट्रॅकर पाहिलेत.

आता यंत्रांबद्दल.

भावाचा एअरटॅग. यात जीपीएस नाही, सिमही नाही. तो नुसता ब्लूटूथवर हाक मारत असतो आणि जवळून जाणारा कुणाचातरी आयफोन ती हाक ऐकून ठिकाण ॲपलला कळवतो. म्हणजे एफसी रोडला, डेक्कनला पटापट ठिपका हलेल, पण दुपारी दोन वाजता एखाद्या सोसायट्यांच्या मागच्या गल्लीत, कॅनॉलच्या कडेने, जिथे आयफोनवालं कुणी जातच नाहीये, तिथे चाळीस मिनिटांपूर्वीचं ठिकाण बघत बसाल. आपल्याकडे आयफोन अजून थोड्याच लोकांकडे असतात हे विसरू नका. ॲपल स्वतः सांगतं की हे वस्तूंसाठी आहे, माणसांसाठी नाही. शिवाय चोरून कुणाचा माग काढू नये म्हणून त्यात मुद्दाम सोय केलेली आहे की अनोळखी टॅग बरोबर फिरत असेल तर जवळच्या फोनवर इशारा येतो आणि मालकापासून बराच वेळ लांब राहिला तर हलवल्यावर तो वाजतो. उद्या मावशींच्या फोनवर असा इशारा आला तर त्या घाबरतील, त्यांना आधीच सांगून ठेवा. मावशींकडे आयफोन असेल तर टॅग त्यांच्याबरोबर शेअर करता येतो, आयओएस १७ पासून आणखी पाच जणांना देता येतो.

गुगलचंही तसंच नेटवर्क २०२४ पासून आहे, अँड्रॉइड फोनवर चालणारे टॅग मिळतात. अँड्रॉइडवाले आपल्याकडे ढिगाने, म्हणून ते जास्त चांगलं चालेल असं वाटतं, पण त्याचं मूळ सेटिंग गर्दीच्या जागांसाठी आहे, एकापेक्षा जास्त फोनना टॅग दिसला तरच ठिकाण पुढे जातं. म्हणजे सुनसान जागी परत तोच प्रॉब्लेम.

तरी मी टॅगला नाही म्हणत नाही, दुसरी फळी म्हणून तो उत्तम. बॅटरी साधारण वर्षभर जाते, चार्जिंगची कटकट नाही, चपलेच्या तळव्यात बसतो. फक्त बॅटरी ती गोल बटणासारखी असते, सीआर२०३२, आणि डिमेन्शियात हाताला लागेल ते तोंडात घालायची सवय कधी कधी लागते. ही बॅटरी गिळली गेली तर अन्ननलिका भाजते, जिवावर बेततं. म्हणून झाकण सहज उघडेल असा टॅग हाताशी ठेवू नका, शिवून टाका. (कडू लेप दिलेल्या बॅटऱ्या मिळतात त्या एअरटॅगला कधी कधी चालत नाहीत, घेताना बघून घ्या.)

पहिली फळी म्हणून मात्र सिम आणि जीपीएस दोन्ही असलेलं यंत्रच लागेल. हे कसं चालतं ते थोडं समजून घ्या म्हणजे ऐनवेळी गोंधळ होत नाही. जीपीएस नुसतं ऐकतं, वरच्या उपग्रहांचे सिग्नल ऐकून स्वतःची जागा काढतं. ती जागा तुमच्यापर्यंत पोचवायला मोबाइलचं नेटवर्क लागतं. उघड्यावर पाच-दहा मीटरपर्यंत बरोबर येतं, मात्र पेठांत वाड्यांच्या आणि बिल्डिंगांच्या मधल्या अरुंद बोळात सिग्नल भिंतींवर आपटून येतात त्यामुळे ठिपका पलीकडच्या गल्लीत उडी मारतो. छताखाली गेलं की आणखी ढिसाळ. मेट्रोचा सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट हा पट्टा जमिनीखालून आहे, तिथे उपग्रह दिसतच नाही, ठिपका जिथे शेवटचा दिसला तिथेच थिजतो. आणि जीपीएस नाहीच मिळालं तर यंत्र मोबाइल टॉवरवरून अंदाज पाठवतं, तो कधी कधी किलोमीटरभर चुकलेला असतो. ॲपमध्ये ठिपक्याभोवती मोठं वर्तुळ दिसलं किंवा एलबीएस असं लिहून आलं तर तो अंदाज आहे असं समजा, त्या जागी पळत सुटू नका.

सिमचं एक नीट बघा. स्वस्तातले बरेचसे ट्रॅकर फक्त टूजीवर चालतात, आणि जिओचं टूजी नेटवर्कच नाहीये, त्यामुळे घरातलं जास्तीचं जिओचं सिम त्यात टाकलं की यंत्र मुकं. लोक दुकानात जाऊन भांडतात, बदलून आणतात, परत तेच. एकतर फोरजीवालं यंत्र घ्या नाहीतर टूजी देणाऱ्या कंपनीचं सिम घाला. मी आता फोरजीच घ्या म्हणते. आणि रिचार्ज! नुसता कॉल-मेसेजचा पॅक चालत नाही, डेटा लागतो, थोडासाच पण लागतो. वर्षाचा एकदम मारा आणि संपायची तारीख भावाच्या कॅलेंडरमध्ये टाका, हे काम बेंगळुरूहून आरामात होतं. लांब असलेल्या भावंडांना असं एक ठरलेलं काम द्यावंच, त्यांनाही बरं वाटतं.

मग येतो कुंपणाचा अलार्म, म्हणजे आई ठरलेल्या वर्तुळाबाहेर गेली की फोन वाजणार. सगळे उत्साहाने वर्तुळ ३० मीटरचं ठेवतात. घरात बसल्या जागी ठिपका तेवढा इकडेतिकडे हलतोच, त्यामुळे दिवसात दहा वेळा खोटा अलार्म, आठवड्याभरात तुम्ही नोटिफिकेशन बंद करता आणि नेमकं त्याच दिवशी... १५० ते २०० मीटर ठेवा. यंत्र दर किती मिनिटांनी ठिकाण पाठवतं तेही बघा. धडधाकट बाई चालत निघाली तर दहा मिनिटांत सहाशे-सातशे मीटर जाते, रिक्षात बसली तर तीन किलोमीटर. दर मिनिटाला ठेवलं तर बॅटरी दिवसही काढत नाही. बहुतेक यंत्रांत गरज पडली की वेग वाढवता येतो, म्हणून एरवी दहा मिनिटं आणि निघाल्याचं कळलं की मिनिटभर, हे मला सोयीचं वाटतं. आणि फोनच्या बॅटरी सेव्हरमधून ते ॲप वगळा, नाहीतर फोन त्याला झोपवून टाकतो आणि अलार्म संध्याकाळी येतो.

खरं तर कुंपणापेक्षा दाराला चुंबकाचा छोटा सेन्सर लावा, दार उघडलं की टिंगटाँग वाजतं, काही शे रुपयांत मिळतो. मावशी बाथरूममध्ये असल्या तरी ऐकू येतं आणि आई जिन्यात असतानाच गाठता येते. पण बाहेरून कुलूप लावून आईला एकटीला कोंडून जाऊ नका, कितीही घाई असली तरी. आग लागली, पडली, गॅस राहिला, काहीही होऊ शकतं.

घड्याळाबद्दल दुकानदार सांगतोय ते अगदीच चूक नाही. आपल्या देशात ६० च्या पुढचे साधारण ८८ लाख लोक डिमेन्शिया घेऊन जगतायत असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला, इतकी मोठी संख्या आहे तरी दुकानात जे मिळतं ते लहान मुलांचं घड्याळ, कुत्र्याचा पट्टा नाहीतर गाडीचा ट्रॅकर, याचं मला मनापासून वाईट वाटतं. गुलाबी पट्टा आणि पडद्यावर अस्वल असलेलं घड्याळ ७१ वर्षांच्या बाईच्या हातात घालायचं? ती शिक्षिका असेल, बँकेत असेल, तिला ते लागतंच. आईला घड्याळाची आधीपासून सवय असेल आणि साधी दिसणारी तबकडी मिळाली तरच त्या वाटेला जा. त्यात बोलायची सोय असते, तुम्ही फोन केला की आपोआप उचलला जातो. काहींना त्याने धीर येतो. काहींना मनगटातून आवाज आला की भीती वाटते, माझ्या एका आजींनी हात झटकून झटकून रडायला सुरुवात केली होती. घरात बसून आधी करून बघा.

आणि पासवर्ड बदला, हे फार महत्त्वाचं. २०१९ मध्ये अवास्ट या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना सुमारे ६ लाख स्वस्तातले ट्रॅकर असे सापडले होते की सगळ्यांचा पासवर्ड १२३४५६. म्हणजे तुमची आई कुठे आहे हे तुमच्याइतकंच कुठल्याही परक्या माणसाला दिसणार. आधी पासवर्ड बदला, मग सिम घाला.

एवढं सगळं झालं तरी अंगावर साध्या अक्षरात नंबर हवाच. बॅटरी नाही, नेटवर्क नाही, काही नाही, तरी चालतं. क्यूआर कोडची पदकंही मिळतात, आणि ती उपयोगी पडतात, सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईत वरळीहून हरवलेला १२ वर्षांचा मुलगा कुलाब्यात गळ्यातल्या क्यूआर कोडमुळेच घरी पोचला. पण फुलवाल्या आजी किंवा कंडक्टर स्कॅन करत बसतीलच असं नाही, म्हणून कोडच्या बाजूला नंबर कोरा. दोन नंबर, तुमचा आणि शेजाऱ्यांचा, भावाचा नको कारण तो येऊ शकत नाही. पूर्ण पत्ता घालू नका. मी पदकावर एवढंच लिहून घेते: 'मला विसरायला होतं. कृपया या नंबरवर फोन करा.' आईचं नावही असू दे, म्हणजे समोरचा माणूस नावाने हाक मारतो आणि आई थांबते.

आता तुमच्या आईबद्दल मला जे सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटलं ते. डेक्कन, मग अलका चौक, दोन्ही कोथरूडहून पेठांकडे जायच्या वाटेवर. आईचं माहेर किंवा जुनं बिऱ्हाड नारायण पेठेत, सदाशिव पेठेत होतं का? कारण ही भरकटलेली बाई नाहीये ताई, ही कर्वे रोडने सरळ लकडी पुलावरून घरी निघालेली बाई आहे. 'मला घरी जायचंय' असं संध्याकाळच्या सुमारास म्हणते का ते आठवा. तसं असेल तर तुमच्याकडे ट्रॅकरपेक्षा मोठी गोष्ट आहे, तुम्हाला रस्ता माहितीये. सोसायटीच्या वॉचमनला, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला, नळस्टॉपच्या रिक्षा स्टँडवर, डेक्कनच्या फुलवाल्यांना, आणि जुन्या वाड्याच्या जागी आता जी बिल्डिंग असेल तिथल्या वॉचमनला आईचा फोटो आणि तुमचा नंबर देऊन या. लाजू नका. पुण्यात लोक उलट आपणहून लक्ष ठेवतात, रिक्षावाल्यांनी परत आणून सोडलेली किमान चार माणसं मला माहितीयेत आणि त्यातल्या एकाने मीटरचे पैसेही घेतले नाहीत.

आई दिसली नाही की काय करायचं तेही आत्ताच ठरवा. पहिली पाच मिनिटं घर, संडास, गच्ची, पार्किंग, जिन्याखालची जागा. मग एकाने घरी थांबायचं, एकाने ठिपक्यामागे जायचं, आणि लगेच ११२. चोवीस तास थांबायचं वगैरे काही नसतं, पंधरा मिनिटांत फोन केला तरी कुणी नावं ठेवत नाही, सांगताना डिमेन्शिया आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. रोज सकाळी मावशींनी आईचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढून ठेवावा, म्हणजे कुठली साडी होती यावर भांडण नाही. शोधताना नुसत्या हाका मारून पुढे जाऊ नका, डिमेन्शिया असलेली माणसं बरेचदा हाकेला ओ देत नाहीत, सरळ चालत राहतात आणि कुठेतरी अडकली की तिथेच बसून राहतात. झुडपामागे, बंद दुकानाच्या पायरीवर, उभ्या गाड्यांच्या मधे बघा. कॅनॉल आणि नदीपात्राकडे एक माणूस आधी पाठवा. विसर्जनाच्या दिवशी किंवा पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा गर्दीने नेटवर्क जाम होतं, ॲपवर विसंबू नका, त्या दिवशी आईबरोबर कुणीतरी हवंच.

आणि आईला विचारा. निदानाला दोनच वर्षं झालीत, म्हणजे बरंच समजत असणार. 'तू हरवशील म्हणून' असं नका म्हणू, 'मला ऑफिसात काळजी वाटते, हे जवळ असलं की मला बरं वाटतं' असं म्हणा. बहुतेक आया लेकीसाठी हो म्हणतात.

मी तुमच्या जागी असते तर आज गळ्यात नंबरचं पदक आणि दाराला सेन्सर, या आठवड्यात नेफ्यातला फोरजी ट्रॅकर, आणि चपलेत टॅग असं केलं असतं. ट्रॅकर आला की लगेच शिवू नका. दुकानात परत घ्यायची मुदत असते तेवढ्यात एका रविवारी भावाला पुण्यात बोलवा, यंत्र त्याच्या खिशात घाला आणि त्याला घरापासून कर्वे रोडने अलका चौकापर्यंत चालत, मग पेठेतल्या दोन-तीन गल्ल्यांत, मग मंडईच्या मेट्रो स्टेशनात उतरून परत वर यायला सांगा. तुम्ही घरून निघायचं आणि एकही फोन न करता नुसत्या ॲपवर त्याला शोधून काढायचं. मावशींनाही एकदा असंच करायला लावा, कारण दुपारी दोन वाजता ॲप उघडणाऱ्या त्या असणार आहेत.